सलाईनच्या आकड्यामागचा शास्त्रज्ञ : हार्टोग हॅम्बर्गर

रुग्णाच्या खाटेशेजारी टांगलेल्या सलाईनच्या बाटलीवर ०.९ टक्के हा आकडा छापलेला असतो. त्यामागे हार्टोग याकोब हॅम्बर्गर या डच शास्त्रज्ञाचे परिश्रम आहेत, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

हॅम्बर्गर यांचा जन्म १८५९ मध्ये नेदरलँड्समधील आल्कमार येथे झाला. उत्रेख्त विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते प्रख्यात शरीरक्रियाशास्त्रज्ञ डॉंडर्स यांचे साहाय्यक झाले. मिठाच्या दाट द्रावणात वनस्पतींच्या पेशींतील द्रव्य कसे आकसते, हे ह्यूगो द व्ह्रीस यांनी त्याच सुमारास दाखवले होते. हॅम्बर्गर यांनी तोच शोध तांबड्या रक्तपेशींत घेतला. पातळ द्रावणात पाणी आत शिरून पेशी फुगतात आणि फुटतात. दाट द्रावणात पाणी बाहेर पडून त्या आकसतात. सस्तन प्राण्यांच्या रक्ताशी तोल साधणारे मिठाचे प्रमाण सुमारे ०.९ टक्के असल्याचे त्यांनी निश्चित केले.

पेशीचे पटल पाण्याला वाट देते, क्षारांना देत नाही, असा त्या काळी सर्वसाधारण समज होता. १८९० च्या दशकात हॅम्बर्गर यांनी रक्तात कार्बन डायऑक्साइड सोडला, तेव्हा रक्तद्रवातील क्लोराइड घटले आणि त्याची अल्कता वाढली. वायू काढून टाकताच सारे पूर्ववत झाले. क्लोराइड पेशीत शिरत होते आणि त्याच्या बदल्यात बायकार्बोनेट बाहेर पडत होते. ऊतींतील कार्बन डायऑक्साइडचा बहुतांश भाग याच देवघेवीच्या आधारे फुफ्फुसांपर्यंत पोहोचतो. सोडियम व पोटॅशियम यांना मात्र हे पटल सहजासहजी दाद देत नाही.

१९०१ पासून ते ग्रोनिंगेन विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. १९१३ मध्ये या शास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद त्यांच्याच पुढाकाराने तेथे भरली. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. ही देवघेव घडवणारे पटलातील प्रथिन उलगडण्यास पुढे जवळपास अर्धशतक लागले.

एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. ०.९ हा आकडा परीक्षानळीतील पेशींनी दिला, रुग्णांनी नव्हे. त्या द्रावणात रक्तद्रवाच्या सुमारे दीडपट क्लोराइड असते. म्हणूनच ते मोठ्या प्रमाणात देताना डॉक्टर आज सावध असतात. क्लोराइडची ये-जा प्रथम बारकाईने मोजणाऱ्या हॅम्बर्गर यांना ही सावधगिरी नक्कीच पटली असती.