विश्लेषण : एका सामन्यात १०० गुण, तरी विजेतेपदाची प्रतीक्षा… विल्ट चेंबरलेन यांची आकडेवारी नेमके काय सांगते?

‘एनबीए’ या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये एका सामन्यात १०० गुण करणारे एकमेव खेळाडू म्हणजे विल्ट चेंबरलेन. हा विक्रम सहा दशकांनंतरही अबाधित आहे. मात्र, ज्या हंगामात तो झाला, त्या हंगामात त्यांचा संघ अंतिम फेरीतही पोहोचला नव्हता. पुढे त्यांचे गुण निम्म्यावर आले आणि संघ विजेता ठरला. हे कसे घडले?

चेंबरलेन कोण होते?

त्यांचा जन्म २१ ऑगस्ट १९३६ रोजी फिलाडेल्फियात झाला. उंची सात फूट एक इंच. कॅन्सस विद्यापीठाकडून खेळताना १९५७च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात तीन वेळा अतिरिक्त वेळ देऊनही नॉर्थ कॅरोलिनाने त्यांच्या संघाला ५४-५३ असे हरवले. मोठा सामना थोडक्यात गमावण्याची ही सुरुवात होती. पदवीची चार वर्षे पूर्ण होईपर्यंत एनबीएमध्ये प्रवेश नसल्याने त्यांनी एक वर्ष हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या प्रदर्शनीय सामने खेळणाऱ्या संघात काढले. १९५९मध्ये ते फिलाडेल्फिया वॉरियर्समध्ये दाखल झाले आणि पहिल्याच हंगामात लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले.

त्या रात्री काय घडले?

२ मार्च १९६२. पेनसिल्व्हेनियातील हर्शी हे चॉकलेटच्या कारखान्यासाठी ओळखले जाणारे गाव. प्रेक्षक अवघे ४,१२४. सामन्याचे दूरचित्रवाणीवर प्रक्षेपण नव्हते. वॉरियर्ससमोर न्यूयॉर्क निक्स हा संघ होता. चेंबरलेन यांनी चार सत्रांत अनुक्रमे २३, १८, २८ आणि ३१ गुण केले. शंभरावा गुण झाला तेव्हा सामन्याची ४६ सेकंदे शिल्लक होती. सामन्यानंतर संघाचे आकडेवारी तज्ज्ञ हार्वी पोलॅक यांनी एका कागदावर १०० लिहून तो चेंबरलेन यांच्या हाती दिला. ते छायाचित्र आजही त्या रात्रीची ओळख आहे.

सामन्याचा तक्ता कसा वाचायचा?

वॉरियर्सने सामना १६९-१४७ असा जिंकला. चेंबरलेन यांनी बास्केटच्या दिशेने ६३ फटके मारले, त्यांतील ३६ यशस्वी ठरले. तेव्हा एनबीएमध्ये तीन गुणांची रेषा नव्हती, त्यामुळे प्रत्येकी दोन याप्रमाणे ७२ गुण झाले. उरलेले २८ गुण फ्री थ्रोचे. ३२ पैकी २८ ही कामगिरी विशेष, कारण फ्री थ्रो हीच त्यांची दुखरी नस. कारकीर्दीत त्यांचे यश जेमतेम ५१ टक्के राहिले. त्या हंगामात ते चेंडू दोन्ही हातांनी, कमरेखालून फेकत होते.

आता संघाकडे पाहू. वॉरियर्सच्या एकूण ११५ फटक्यांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या चेंबरलेन यांचे होते. सहकारी गाय रॉजर्स यांचे २० असिस्ट, तर चेंबरलेन यांचे दोन. अल ॲटल्स यांनी आठपैकी आठ फटके यशस्वी केले, पण ते क्वचितच कुणाला आठवते. निक्सकडूनही रिची ग्वेरिन यांनी ३९ गुण केले. निक्सचे नियमित सेंटर त्या दिवशी खेळत नव्हते आणि त्यांच्या जागी आलेले डॅरल इमहॉफ २० मिनिटांतच सहा फाउल होऊन बाद झाले. शेवटी निक्सचे खेळाडू चेंडू चेंबरलेन यांच्याकडे जाऊ नये म्हणून इतरांना मुद्दाम फाउल करत होते, तर चेंडू लवकर परत मिळावा म्हणून वॉरियर्सही तेच करत होते. म्हणूनच या सामन्याला विक्रम म्हणावे की तमाशा, हा वाद तेव्हापासून सुरू आहे.

मग त्या हंगामात विजेतेपद का नाही?

१९६१-६२च्या ८० सामन्यांत चेंबरलेन यांनी ४,०२९ गुण केले. सरासरी ५०.४. सामना ४८ मिनिटांचा, पण अतिरिक्त वेळ धरून ते सरासरी ४८.५ मिनिटे मैदानावर होते. तरीही खेळाडूंच्या मतदानात सर्वोत्तम ठरले बॉस्टन सेल्टिक्सचे बिल रसेल. बाद फेरीत बॉस्टनने वॉरियर्सला सातव्या सामन्यात अवघ्या दोन गुणांनी हरवले. रसेल आणि चेंबरलेन बाद फेरीत आठ वेळा समोरासमोर आले, त्यात सात वेळा रसेल यांचा संघ जिंकला. चेंबरलेन यांच्यावर ‘आकड्यांसाठी खेळणारा’ असा शिक्का बसला.

चित्र कधी बदलले?

१९६६-६७मध्ये फिलाडेल्फिया सेव्हंटी-सिक्सर्सचे प्रशिक्षक ॲलेक्स हॅनम यांनी त्यांना फटके कमी मारून चेंडू अधिक पुरवण्याची भूमिका दिली. त्यांची सरासरी २४.१ वर आली, पण असिस्ट ७.८ झाले. संघाने ८१ पैकी ६८ सामने जिंकले, बॉस्टनला ४-१ असे नमवले आणि विजेतेपद पटकावले. पुढच्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक, ७०२ असिस्ट त्यांचेच होते. १९७१-७२मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सने सलग ३३ सामने जिंकले, तेव्हा चेंबरलेन यांची सरासरी १५ गुणांच्याही खाली होती. अंतिम फेरीत लेकर्सने हरवले ते न्यूयॉर्क निक्सलाच. त्या फेरीचे सर्वोत्तम खेळाडू चेंबरलेन ठरले.

आकड्यांत काय उरले नाही?

१९७३मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर ३१,४१९ गुण आणि २३,९२४ रिबाउंड होते. रिबाउंडचा विक्रम अद्याप त्यांचाच आहे. मात्र, एनबीएने ब्लॉकची अधिकृत नोंद १९७३-७४पासून, म्हणजे त्यांच्या निवृत्तीनंतरच्या हंगामापासून सुरू केली. प्रतिस्पर्ध्यांचे फटके हवेत अडवणे ही त्यांची मोठी ताकद होती. त्याचा अधिकृत हिशेब कुठेच नाही. इतके अडवूनही १,०४५ साखळी सामन्यांत ते एकदाही सहा फाउल होऊन बाद झाले नाहीत.

१२ ऑक्टोबर १९९९ रोजी, वयाच्या ६३व्या वर्षी लॉस एंजेलिसमधील घरी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. आज सामना संपताच मोबाइलवर प्रत्येक खेळाडूचे गुण, असिस्ट आणि ब्लॉक दिसतात. त्यात पहिली नजर गुणांच्या रकान्याकडे जाते. चेंबरलेन यांची दोन्ही विजेतेपदे मात्र त्या रकान्यातला आकडा घसरल्यानंतरच आली.