गहुलीचे जलनायक

यवतमाळ जिल्ह्यात पाऊसच पडत नाही, असे कोणी म्हणणार नाही. वर्षाकाठी सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास तो पडतो. मात्र पुसद-उमरखेडच्या उतारांवरून माती खरवडत तो थेट पैनगंगेला जाऊन मिळतो आणि उन्हाळा लागला की त्याच शिवारातील विहिरी तळ गाठतात. पुसद तालुक्यातील गहुली येथे एका बंजारा शेतकरी कुटुंबात २१ ऑगस्ट १९३४ रोजी जन्मलेल्या सुधाकरराव नाईक यांच्या सार्वजनिक जीवनाचा गाभा हे वाहून जाणारे पाणीच होते.

काका वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्री होते. संकरित बियाणे आणि कृषी विद्यापीठे यांच्याशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. अशा वटवृक्षाखाली सहसा दुसरे झाड वाढत नाही. सुधाकररावांनी सुरुवात केली ती गावच्या सरपंचपदापासून. पुढे ते जिल्हा परिषदेचे अध्यक्ष झाले, १९७८ मध्ये पुसदमधून विधानसभेत गेले आणि २५ जून १९९१ रोजी मुख्यमंत्री झाले.

मृदसंधारण महाराष्ट्राला नवे नव्हते. १९७२ च्या दुष्काळात बांधबंदिस्ती, नाला बांध आणि पाझर तलावांची असंख्य कामे निघाली होती. पण त्यांमागील पहिला हेतू हाताला काम देण्याचा होता. शिवाय शेतातील बांध कृषी खात्याचा, ओढ्यावरचा बंधारा लघुपाटबंधाऱ्यांचा, टेकडीवरची झाडे सामाजिक वनीकरणाची आणि विहिरीची पातळी भूजल सर्वेक्षण यंत्रणेची, अशी एकाच पाण्याची वाटणी झालेली होती. सुधाकररावांच्या सरकारने १९९२ मध्ये स्वतंत्र जलसंधारण खाते स्थापन करून या कामांची सांगड पाणलोट क्षेत्राशी घातली. माथ्यावर समतल चर, मधल्या शेतांत बांध आणि पायथ्याशी बंधारा, असा तो क्रम होता. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा याच काळात गावोगावच्या भिंतींवर झळकली.

घोषणा भिंतीवर लिहिणे सोपे होते. शेतात उतरवणे तसे नव्हते. समपातळी बांध जमिनीच्या चढउताराप्रमाणे जातो, तर शेतकऱ्याचा धुरा वाटणीप्रमाणे. बांध शेताच्या मधून तिरपा गेला की वखराच्या पाळ्या तुटतात, जमीन अडते आणि भावकीत कुरबुरी सुरू होतात. विदर्भातील भारी काळ्या जमिनीत तर बांधाआड पाणी साचून कपाशी पिवळी पडते. अशा ठिकाणी शेतकऱ्यांनी बांध फोडले, त्यास अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. जादा पाणी हळूहळू बाहेर काढणारे ढाळीचे बांध आणि उताराला आडवी पेरणी हेच तेथील योग्य उपाय होते. त्यातही माथ्यावरच्या शेतकऱ्याने आपली जमीन चरासाठी द्यायची आणि विहीर भरायची पायथ्याच्या शेजाऱ्याची, हा पेच कोणत्याही शासन निर्णयाने सुटणारा नव्हता. जेथे गाव एकत्र बसले, तेथेच तो सुटला. एकट्या शेतापेक्षा सबंध पाणलोट हाती घेण्याचे महत्त्व येथे कळते.

मुख्यमंत्रिपद मात्र सुधाकररावांना जेमतेम वीस महिने लाभले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलींनी त्यांची कारकीर्द झाकोळली. राजकीय नेतृत्वाच्या कचखाऊपणावर पुढे श्रीकृष्ण आयोगानेही ठपका ठेवला. तो डाग पुसता येण्याजोगा नाही आणि त्यांचे चरित्र लिहिताना तो वगळताही येणार नाही. फेब्रुवारी १९९३ मध्ये ते पायउतार झाले. त्यानंतर हिमाचल प्रदेशचे राज्यपालपद आणि १९९८ मध्ये वाशीमची खासदारकी त्यांच्या वाट्याला आली. जलसंधारणाचा ध्यास मात्र अखेरपर्यंत सुटला नाही.

१० मे २००१ रोजी त्यांचे निधन झाले. मे महिना म्हणजे पावसापूर्वी चर खोदण्याचे आणि फुटलेले बांध सावरण्याचे दिवस. त्यांचा हा स्मृतिदिन राज्यात जलसंधारण दिन म्हणून पाळला जातो.