केंडॉल यांची चुकलेली आकृती

गेल्या महिन्यात ओपीडीत सायखेड्याच्या एक ताई आल्या. छातीत धडधड, हाताला कंप, झोप उडालेली. खोदून विचारल्यावर कळलं, वजन उतरावं म्हणून त्या जावेच्या थायरॉईडच्या गोळ्या खात होत्या, त्याही दिवसाला दोन. जावेची ग्रंथी कमी काम करते, तिला गोळी हवीच. ताईंची ग्रंथी मात्र ठणठणीत होती.

या गोळीतलं थायरॉक्सिन पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळं काढलं एडवर्ड केंडॉल यांनी. जन्म १८८६, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातला. कोलंबिया विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून १९१४ मध्ये ते मेयो क्लिनिकमध्ये आले. कत्तलखान्यांतून डुकरांच्या थायरॉईड ग्रंथी मागवायच्या आणि त्यांतलं आयोडीनयुक्त द्रव्य टप्प्याटप्प्याने गाळत जायचं, असं ते किचकट काम होतं. एकदा अल्कोहोलचं भांडं वाफेवर ठेवून त्यांना डुलकी लागली. जाग आली तेव्हा अल्कोहोल उडून गेलं होतं आणि मागे पांढरी खपली उरली होती, असं सांगतात. त्यातूनच १९१४ च्या नाताळच्या दिवशी थायरॉक्सिनचे स्फटिक मिळाले. पुढे जवळपास तीन टन ग्रंथींमधून जेमतेम ३३ ग्रॅम द्रव्य निघालं!

पण या रेणूची रचना ठरवताना केंडॉल चुकले. रेणूत इंडोल नावाची कडी आणि आयोडीनचे तीन अणू आहेत, असं त्यांनी मानलं. थायरॉक्सिन हे नावही त्या समजुतीतूनच आलं. नाव टिकलं, आकृती टिकली नाही. १९२६ मध्ये लंडनमध्ये चार्ल्स हॅरिंग्टन यांनी खरी रचना दाखवली : दोन कड्या, त्यांना जोडणारा ऑक्सिजनचा सांधा आणि आयोडीनचे चार अणू. पुढच्याच वर्षी जॉर्ज बार्जर यांच्यासोबत त्यांनी ते प्रयोगशाळेत बनवलंही. एवढी वर्षं खपून शेवटचा घास दुसऱ्याच्या ताटात पडला. केंडॉल मात्र खचले नाहीत. त्यांनी अॅड्रिनल ग्रंथीकडे मोर्चा वळवला, तिथून कॉर्टिसोन हाती आलं, आणि १९५० चं नोबेल आणखी दोघा संशोधकांबरोबर त्यांना मिळालं. १९७२ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्याच सुमारास डेक्स्ट्रोथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉक्सिनचा आरशातल्या प्रतिमेसारखा रेणू, हृदयरोग्यांना कोलेस्टेरॉलसाठी देण्याची चाचणी थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसत होते. कारण समजायला १९८६ नंतरचं संशोधन लागलं. थायरॉईडच्या हार्मोनचे ग्राहक, म्हणजे पेशीतली कुलपं, मुख्यतः दोन प्रकारची : हृदयात अल्फा जास्त, यकृतात बीटा. शरीरातली मूळ किल्ली दोन्ही उघडते. मग फक्त बीटाला लागेल अशी किल्ली घडवायचे प्रयत्न सुरू झाले. त्यांतलं रेस्मेटिरॉम मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, चरबीमुळे सुजून व्रण पडू लागलेल्या यकृतासाठी. त्यात आयोडीन नाही; त्या जागी क्लोरिनचे दोन अणू आणि कार्बनचा एक छोटा गट आहे. दोन कड्या आणि मधला ऑक्सिजनचा सांधा मात्र हॅरिंग्टन यांच्या आकृतीतलाच.

हे थोडक्यात सांगितल्यावर ताईंनी विचारलं, मग ती नवी गोळी वजनाला चालेल का? नाही. ती यकृतातली चरबी घटवते, वजन नाही. त्यांच्या गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या आणि ईसीजी काढायला पाठवलं.