ग्रेगोर मेंडेल
मेंडेल ह्यांचा जन्म 1822 सालीं तत्कालीन ऑस्ट्रिया राज्यांत शेतकऱ्याच्या घरीं झाला. शिक्षणास पैसा पुरेना, तेव्हां धाकट्या बहिणीनें आपल्या हुंड्याचा वांटा दिला. पुढें तिच्या मुलांस शिकवून त्यांनीं तें ऋण फेडिलें. ब्रनो येथील मठांत त्यांनीं आठ वर्षें वाटाणा लाविला. गोल व सुरकुतलेल्या दाण्यांच्या वाणांचा संकर करितां सारे दाणे गोल आले. ते पेरितां मात्र 5474 गोल व 1850 सुरकुतलेले निघाले. गुण मेला नव्हता, दडला होता. 1865 सालीं त्यांनीं हें वाचून दाखविलें. कोणीं मनावर घेतलें नाहीं. ते 1884 सालीं वारले. नियम जगास 1900 सालीं उमगला. आतां मनुष्य असे बीजगुण स्वहस्तें बदलूं लागला आहे. चीन देशांत गर्भावस्थेंतच ते बदललेल्या मुली जन्मल्याचें 2018 सालीं प्रगट झालें. करणारास कैद झाली. तो फेर त्या मुलींच्या लेंकरांतही उतरूं शकेल, आणि त्यांची संमति कोणीं घेतली?