वहीवरची स्प्रेडशीट : स्वांते अऱ्हेनियस



आम्ल-आम्लारीच्या धड्यात अऱ्हेनियस हे नाव आपण सर्वांनी वाचले आहे. हवामानबदलाचे पहिले मोठे गणितही त्यांनीच मांडले, हे मात्र फारसे ठाऊक नसते.

त्यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी स्वीडनमध्ये उप्सालाजवळ झाला. वडिलांच्या हिशेबाच्या वह्या पाहून ते लहानपणीच आकडेमोड शिकले. १८८४ मध्ये त्यांच्या प्रबंधाला विद्यापीठाने जेमतेम श्रेणी दिली; त्याच विषयातील कामासाठी त्यांना १९०३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

१८९४ च्या नाताळात ते वेगळ्याच प्रश्नाकडे वळले. हिमयुगे का येतात? हवेतला कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो हे माहीत होते. तो कमी-जास्त झाला तर तापमान किती बदलेल, हे त्यांनी वर्षभर हाताने मोजले. दर १० अक्षांशांना एक ओळ, वायूच्या पाच प्रमाणांचे रकाने, प्रत्येकात चार ऋतू. ही स्प्रेडशीटच की! याच काळात त्यांचे लग्न मोडले, पण काम थांबले नाही. एप्रिल १८९६ मध्ये निबंध छापून आला. वायू दुप्पट झाला तर विषुववृत्ताजवळ सुमारे ५ अंश आणि उत्तरेकडे ६ अंशांनी तापमान वाढेल, असे उत्तर आले. आजचा अंदाज सरासरी ३ अंशांचा आहे.

कार्बनचा जमाखर्च त्यांना सहकारी अर्विड होगबोम यांच्याकडून मिळाला. ज्वालामुखी ही जमा. खडकांची झीज आणि समुद्र हा खर्च. त्यात कोळशाची नवी भर. ही भर दुपटीपर्यंत पोहोचायला हजारो वर्षे लागतील आणि थंड देशांना ऊब मिळेल, असे अऱ्हेनियस यांना वाटले. २ ऑक्टोबर १९२७ रोजी त्यांचे निधन झाले.

गणिताची दिशा बरोबर होती. चुकला तो वेगाचा अंदाज. औद्योगिक क्रांतीपूर्वी दहा लाख भागांत सुमारे २८० भाग असलेला हा वायू १९५८ मध्ये ३१५ आणि २०२४ मध्ये सुमारे ४२४ झाला. त्यांना हवीशी वाटलेली ऊब आपल्या सिंगापूरला परवडणारी नाही. इथली सुमारे ३० टक्के जमीन समुद्रसपाटीपासून ५ मीटरपेक्षाही कमी उंचीवर आहे.

सुट्टीत मुलांना एक्सेल उघडून द्या. पहिल्या रकान्यात वर्ष, दुसऱ्यात वायूचे प्रमाण. तिसऱ्यात त्या प्रमाणाला २८० ने भागून, २ पाया धरून लॉग काढायचा आणि ३ ने गुणायचे. ५६० ला ३ अंश येतात, ४२४ ला सुमारे १.८. प्रत्यक्षातली वाढ अजून याहून कमी दिसते, कारण समुद्र सावकाश तापतो.

मग पुढच्या वर्षांचे आकडे मुलांनाच भरू द्या. अऱ्हेनियस यांचा अंदाज चुकला तो याच रकान्यात, आणि माणसाच्या हातातला रकानाही हाच आहे.