रिचर्डसन यांचा बुद्धिबळाचा पट

वाऱ्याचे वाहणे गणिताने काढायचे, तर सारी जागा लहान चौकटींत वाटावी लागते. मग दाबाचा आकडा चौकटीच्या मध्यावर मांडायचा की कोपऱ्यावर? वागळे इस्टेटीतील नोंदी प्रत्येक भूखंडाच्या मध्यावर ठेवाव्यात की रोड नंबर १६, २२ अशा रस्त्यांच्या चौकांवर, तसाच हा पेच. चौकावरच्या नोंदीत भोवतालच्या सगळ्या भूखंडांचा थोडाथोडा वाटा येतो. आकडे कोठे ठेवावेत, याचा फार आधी विचार करणाऱ्यांत लुईस फ्राय रिचर्डसन हे एक होते.

११ ऑक्टोबर १८८१ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे, युद्धाला विरोध करणाऱ्या क्वेकर पंथाच्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पहिल्या महायुद्धात त्यांनी शस्त्र नाकारले. मात्र १९१६ ते १९१९ या काळात फ्रान्समध्ये जखमींची रुग्णवाहिका चालविली. त्या धामधुमीत त्यांनी २० मे १९१० च्या हवामानाचे गणित हाताने केले. नकाशावर बुद्धिबळाच्या पटासारखी घरे आखली. एका रंगाच्या घरांत दाब, दुसऱ्या रंगाच्या घरांत वाऱ्याची गती. १९१७ मध्ये लढाईत हस्तलिखित हरवले आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले.

उत्तर मात्र साफ चुकले. सहा तासांत दाब १४५ मिलिबार वाढेल, असे गणित सांगत होते. प्रत्यक्षात तो जवळपास स्थिर होता. दोष पटाचा नव्हता, सुरुवातीच्या निरीक्षणांतील असमतोलाचा होता. हे अपयश त्यांनी १९२२ च्या ग्रंथात उघडपणे छापले, हीच त्यांची थोरवी म्हणावी लागेल. हवामान खाते हवाई मंत्रालयाकडे गेले, तेव्हा १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. पुढे युद्धांच्या कारणांचे गणित मांडत राहिलेले रिचर्डसन ३० सप्टेंबर १९५३ रोजी स्कॉटलंडमध्ये निवर्तले.

दाब आणि गती एकाच बिंदूवर ठेवल्यास ८०, १२०, ८०, १२० असा हेलकावणारा दाबही गणिताला सपाट दिसतो. रिचर्डसन यांच्या पटावरही हा धोका पुरता टळत नव्हता. १९६५ मध्ये हार्लो व वेल्च यांनी दाब चौकटीच्या मध्यावर, तर गती तिच्या भिंतींवर ठेवली. हीच मांडणी पुण्यात शिकलेले सुहास पाटणकर आणि लंडनचे स्पाल्डिंग यांनी १९७२ च्या आपल्या पद्धतीत वापरली. आधी बिंदू ठरवून त्यांच्या मधोमध भिंती घालाव्यात, की आधी भिंती आखून बिंदू मध्यावर ठेवावा, याची चर्चा पाटणकरांनी १९८० च्या पुस्तकात केली आहे. त्यांचा कौल दुसऱ्या रीतीला होता. कारण त्यात दोन पदार्थांची सीमा नेमकी भिंतीवर आणता येते.