भिंतीवरचा कागद जपणारे दंतवैद्य : डॉ. हान्स झाक्स

पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपातील बहुतेक मोठ्या शहरांच्या भिंती छापील कागदांनी झाकून गेल्या होत्या. सैन्यात भरती व्हा, युद्धकर्जाचे रोखे घ्या, घरातील सोने देशाला द्या, धान्य वाचवा, शत्रूच्या हेरांपासून सावध राहा, अशी आवाहने करणारी ही भित्तिपत्रके काही दिवसच टिकत. नंतर त्यांच्यावर नवी पत्रके चिकटवली जात किंवा पावसाने ती गळून पडत. मुळातच थोडे दिवस जगण्यासाठी जन्मलेला हा कागद जपून ठेवण्याजोगा आहे, हे युद्ध सुरू होण्याच्या कितीतरी आधी ज्यांनी ओळखले होते, त्यांत बर्लिनचे दंतवैद्य डॉ. हान्स झाक्स यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. त्यांनी उभारलेला संग्रह त्या काळी जगातील सर्वांत मोठ्या भित्तिपत्रक संग्रहांपैकी एक मानला जात असे. पुढे एका प्रचारमंत्र्याच्याच आदेशाने तो हिरावून घेतला गेला.

हान्स झाक्स यांचा जन्म ११ ऑगस्ट १८८१ रोजी ब्रेस्लाउ येथे एका ज्यू कुटुंबात झाला. त्या वेळी जर्मन साम्राज्यात असलेले हे शहर आज व्रोत्सवाफ या नावाने पोलंडमध्ये आहे. त्यांच्या शाळकरी वयात पॅरिसच्या रस्त्यांवर रंगीत शिळामुद्रणाच्या भित्तिपत्रकांनी धुमाकूळ घातला होता. तुलूज-लोत्रेक, शेरे आणि मुखा यांच्यासारखे चित्रकार नाटकगृहांसाठी आणि नृत्यगृहांसाठी चित्रे काढीत होते. सारा बर्नहार्ट या विख्यात फ्रेंच अभिनेत्रीचे एक भित्तिपत्रक त्या वयात झाक्स यांच्या हाती आले आणि या छंदाला सुरुवात झाली. पुढे वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून त्यांनी बर्लिनमध्ये दंतचिकित्सेचा व्यवसाय सुरू केला. अल्बर्ट आइनस्टाइन हेही त्यांच्या रुग्णांपैकी एक होते, असे सांगितले जाते. व्यवसाय दातांचा आणि जीव मात्र कागदात, असा हा प्रकार अखेरपर्यंत राहिला.

भित्तिपत्रके गोळा करणे वाटते तितके सोपे नाही. भिंतीवरून सोलून काढलेला कागद हमखास फाटतो. त्यामुळे तो चिकटवला जाण्यापूर्वीच छापखान्यातून, चित्रकाराकडून किंवा जाहिरात देणाऱ्या व्यापाऱ्याकडून मिळवावा लागतो. एकट्याने हे काम मर्यादितच होऊ शकते. सभासदांनी आपल्याकडील जादा प्रतींची अदलाबदल केली, तर मात्र संग्रह झपाट्याने वाढू शकतो. या विचारातून १९०५ मध्ये झाक्स यांनी बर्लिनमध्ये भित्तिपत्रकप्रेमींची संस्था स्थापन केली. त्या वेळी त्यांचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते. त्यांचे मित्र आणि पुढे अतिशय नावारूपाला आलेले चित्रकार लुसियान बेर्नहार्ड यांचाही या वर्तुळात मोठा वाटा होता. आगपेटीच्या एका कंपनीसाठी दोन काड्या आणि कंपनीचे नाव, एवढेच दाखवणारे बेर्नहार्ड यांचे भित्तिपत्रक त्याच सुमारास गाजले आणि जर्मन जाहिरातकलेला नवे वळण मिळाले.

संस्थेचे नियतकालिक १९१० मध्ये निघू लागले. काही वर्षांतच ते ‘दास प्लाकाट’, म्हणजे ‘भित्तिपत्रक’, या नावाने प्रसिद्ध झाले. झाक्स त्याचे संपादक होते. रुग्ण तपासून झाल्यावर उरलेल्या वेळात चालवलेले हे नियतकालिक सुरुवातीला काही शे प्रतींपुरते मर्यादित होते. नंतर त्याचा खप दहा हजारांवर गेला. अंकात प्रत्यक्ष छापील नमुने चिकटवलेले असत. त्यामुळे त्याचे जुने अंक आज स्वतःच संग्राह्य वस्तू झाले आहेत. चित्रकाराच्या हक्कांपासून अक्षरांच्या वळणांपर्यंत अनेक प्रश्नांची चर्चा त्यात होई. जाहिरात ही कला असू शकते, हे जर्मन वाचकाला पटवून देण्यात या नियतकालिकाचा वाटा मोठा आहे.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले आणि भित्तिपत्रकाचे काम बदलले. साबण, चॉकलेट आणि सिगारेट विकणाऱ्या चित्रकारांना आता युद्ध विकायचे होते. त्याचबरोबर संग्राहकांचीही लाट आली. बर्लिनच्या शाही ग्रंथालयाने त्याच वर्षी युद्धविषयक छापील साहित्य जमवण्यास सुरुवात केली. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सूचीत जर्मनीतील अशा दोनशेहून अधिक संग्रहांची नोंद आढळते. पत्रके, सैनिकांची वृत्तपत्रे, शिधापत्रिका, लष्करी हुकूमनामे, पोस्टकार्डे, टंचाईच्या काळातील कागदी चलन, असे सारे काही जमवले जाऊ लागले. या गर्दीत झाक्स यांचे वेगळेपण असे की, त्यांच्यापाशी युद्धापूर्वीची जवळजवळ दोन दशकांची सामग्री आधीपासून होती. एकच चित्रकार शांततेत काय काढत होता आणि युद्धात काय काढू लागला, हे त्यांच्या कपाटांत शेजारीशेजारी पाहता येत होते.

यातील सर्वांत मोठा विभाग युद्धकर्जाचा होय. जर्मन सरकारने १९१४ ते १९१८ या काळात साधारणतः दर सहा महिन्यांनी एक, याप्रमाणे एकूण नऊ वेळा जनतेकडून कर्ज उभारले. सुरुवातीची आवाहने केवळ मजकुराची, कोरडी आणि सरकारी थाटाची होती. युद्ध लांबले, लोकांचा उत्साह ओसरला, तेव्हा सरकारला चित्रकारांची आठवण झाली. १९१७ च्या सहाव्या कर्जासाठी फ्रिट्झ एर्लर यांनी काढलेला पोलादी शिरस्त्राण घातलेला, काटेरी तारांमधून दूरवर पाहणारा सैनिक देशभर झळकला. त्या कर्जातून १३ अब्ज मार्कांच्या आसपास रक्कम जमा झाली. बेर्नहार्ड यांनी चिलखती मूठ आणि जाड गॉथिक अक्षरे वापरली. व्हिएन्नाचे युलियुस क्लिंगर यांनी १९१८ च्या आठव्या कर्जासाठी बाणांनी विद्ध झालेला, आठच्या आकड्याला विळखा घातलेला अजगरासारखा राक्षस दाखवला. अशीच कर्जे ब्रिटन, फ्रान्स आणि अमेरिकेतही उभारली गेली. भारतातही १९१७ मध्ये ब्रिटिश सरकारने युद्धकर्जाची मोहीम चालवली होती.

या चित्रांच्या भरवशावर ज्यांनी आपली आयुष्यभराची बचत रोख्यांत गुंतवली, त्यांच्या हाती पुढे काय उरले? १९२३ च्या भीषण चलनवाढीत ते रोखे जवळजवळ कवडीमोल झाले. कर्जाचा कागद मातीमोल आणि त्या कर्जाची जाहिरात करणारा कागद मौल्यवान, हा विरोधाभास युद्धकालीन कागदपत्रांच्या प्रत्येक संग्राहकाच्या दप्तरात आहे.

झाक्स यांची दृष्टी मुख्यत्वे कलेची होती, हे मान्य करावे लागेल. रेषा कशी आहे, रंगांचे ठसे नीट बसले आहेत का, अक्षरे दुरून वाचता येतात का, हे ते प्रथम पाहत. मजकूर खरा की खोटा, हा प्रश्न त्यांच्या वर्गीकरणात दुय्यम होता. ही मर्यादा म्हटली तर मर्यादा आहे. पण तिच्यामुळेच संग्रह निःपक्षपाती राहिला. ज्याला केवळ आपल्या बाजूचा प्रचार जपायचा असतो, तो निम्मा पुरावा फेकून देतो. झाक्स यांनी तसे केले नाही. युद्ध संपत असतानाच १९१८ च्या अखेरीस जर्मनीत क्रांती झाली, सम्राटाने पदत्याग केला आणि निवडणुकांचे वारे वाहू लागले. तेव्हा भिंतींवर पक्षोपक्षांची लढाई सुरू झाली. त्या काळातील राजकीय भित्तिपत्रकांवर ‘दास प्लाकाट’च्या प्रकाशनसंस्थेने १९१९ मध्ये स्वतंत्र ग्रंथ काढला. ताजा प्रचार अजून भिंतीवर ओला असतानाच त्याचा अभ्यास करण्याचा हा प्रयत्न होता.

संस्थेत मतभेद वाढल्याने १९२१ मध्ये नियतकालिक बंद पडले आणि त्यापाठोपाठ संस्थाही विसर्जित झाली. झाक्स यांनी संग्रह मात्र वाढवत नेला. घरी त्यासाठी खास दालन करून त्यांनी तो पाहुण्यांना आणि अभ्यासकांना दाखवण्याची सोय केली. १९३८ पर्यंत त्यात सुमारे १२,५०० भित्तिपत्रके आणि १८,००० छोटे छापील नमुने जमा झाले होते. प्रत्येकाची नोंद ठेवलेली होती.

याच काळात, पहिल्या महायुद्धातील जर्मन प्रचार शत्रूच्या प्रचारापुढे फिका पडला, असे मानणारा एक पक्ष जर्मनीत सत्तेवर आला होता. हिटलरने आपल्या आत्मचरित्रात ब्रिटिश युद्धप्रचाराची वाखाणणी करून एक संपूर्ण प्रकरण त्यासाठी खर्ची घातले आहे. १९३३ मध्ये जोसेफ गोबेल्स प्रचारमंत्री झाले. भित्तिपत्रकाची ताकद त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. १९३८ च्या उन्हाळ्यात गेस्टापोचे लोक ट्रक घेऊन झाक्स यांच्या दारात उभे राहिले. व्यापारी कलेसाठी उभारायच्या संग्रहालयीन दालनाकरिता हा संग्रह मंत्रिमहोदयांना हवा आहे, असे सांगण्यात आले. चाळीसेक वर्षांची जमवाजमव ट्रकांत भरून नेण्यात आली.

त्यानंतर काही महिन्यांतच, ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री, देशभर ज्यूंच्या प्रार्थनास्थळांवर आणि दुकानांवर हल्ले झाले. हजारो ज्यू पुरुषांना अटक झाली. झाक्स यांना झाक्सेनहाउझेन येथील छळछावणीत डांबण्यात आले. पत्नीच्या खटपटीमुळे काही आठवड्यांत त्यांची सुटका झाली आणि पत्नी व तान्ह्या मुलासह ते लंडनमार्गे न्यूयॉर्कला पोहोचले. सोबत आणलेली तुलूज-लोत्रेक यांची ३१ भित्तिपत्रके त्यांनी तेथे ५०० डॉलरना विकली. उभ्या आयुष्याच्या संग्रहातील त्यांच्या हाती उरलेला मौल्यवान भाग तो एवढाच होता. पन्नाशी उलटलेल्या या दंतवैद्याला नव्या देशात पुन्हा परीक्षा देऊन व्यवसायाची परवानगी मिळवावी लागली.

त्यांच्या वर्तुळातील इतरांच्या वाटा वेगवेगळ्या झाल्या. बेर्नहार्ड १९२३ मध्येच अमेरिकेला गेले होते. म्युनिकचे प्रख्यात लुडविग होलवाइन यांनी नाझी राजवटीसाठी भित्तिपत्रके केली. ज्यू असलेल्या क्लिंगर यांना आणि त्यांच्या पत्नीला जून १९४२ मध्ये व्हिएन्नाहून मिन्स्ककडे पाठवण्यात आले आणि तेथे त्यांची हत्या झाली. ज्या राज्यासाठी त्यांनी १९१८ मध्ये तो राक्षस काढला होता, त्याच्या वारसदारांनी ही परतफेड केली.

दुसऱ्या महायुद्धात बर्लिन बेचिराख झाले आणि आपला संग्रहही त्यात नष्ट झाला असावा, असे झाक्स यांनी गृहीत धरले. १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीच्या सरकारने त्यांना २,२५,००० मार्क नुकसानभरपाई दिली आणि त्यांनी ती स्वीकारली. पाच वर्षांनी, १९६६ मध्ये, संग्रहातील काही भाग पूर्व बर्लिनच्या ऐतिहासिक संग्रहालयात सुखरूप असल्याचे त्यांना समजले. त्यांनी पत्रव्यवहार केला. आर्थिक बाजू आपल्यापुरती मिटली आहे, पण ही भित्तिपत्रके लोकांना पाहता यावीत, असा त्यांचा सूर होता. मात्र मध्ये बर्लिनची भिंत होती. १९७४ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. आपल्या संग्रहातील त्या वाचलेल्या भित्तिपत्रकांचे दर्शन त्यांना पुन्हा झाले नाही.

जर्मनीच्या एकीकरणानंतर संग्रहाचा हा भाग बर्लिनच्या जर्मन ऐतिहासिक संग्रहालयाकडे आला. झाक्स यांचे पुत्र पीटर यांना २००५ मध्ये त्याचा पत्ता लागला आणि त्यांनी परतीची मागणी केली. वडिलांनी भरपाई घेतली होती, हा संग्रहालयाच्या बाजूचा मुद्दा होता. शिवाय अभ्यासकांना हा ठेवा एकत्र उपलब्ध असावा, असेही सांगितले जात होते. २००७ मध्ये सल्लागार आयोगाने पीटर यांच्याविरुद्ध मत दिले. खालच्या न्यायालयांत निकाल उलटसुलट लागले. संग्रह झाक्स यांचाच, पण परत मागण्याचा हक्क आता उरलेला नाही, अशी विचित्र भूमिका बर्लिनच्या वरिष्ठ न्यायालयाने २०१० मध्ये घेतली. अखेर १६ मार्च २०१२ रोजी कार्ल्सरूहे येथील संघीय न्यायालयाने पीटर यांच्या बाजूने निर्णय दिला. वस्तू बेपत्ता असताना भरपाईचा मार्ग संपला, म्हणून मालकी संपत नाही. तसे मानले तर नाझी काळातील अन्याय चालूच राहील, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी ओळख पटलेली चार हजारांहून अधिक भित्तिपत्रके परत करण्यात आली. भरपाईची रक्कम परत करण्याची तयारी पीटर यांनी दाखवली होती.

न्याय झाला, यात शंका नाही. तरीही १२,५०० पैकी तिसऱ्या हिश्श्याएवढीच भित्तिपत्रके घरी परतली. एवढे मोठे घबाड सांभाळणे एका कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे होते. जानेवारी २०१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिलाव सुरू झाला आणि डॉ. झाक्स यांनी क्रमवार लावून ठेवलेले कागद एकेक करून वेगवेगळ्या खरेदीदारांच्या हाती गेले.